कवटीवरून लिंगनिश्चिती : स्कॅन काय सांगतो, काय सांगू शकत नाही

नोएडाच्या सेक्टर ३१ मधील निठारी या गावाचे नाव २९ डिसेंबर २००६ रोजी देशभर पोहोचले. तेथील डी-५ या बंगल्यामागच्या नाल्यातून मानवी कवट्या आणि हाडे बाहेर काढण्यात आली. त्याआधी सुमारे दोन वर्षे या वस्तीतून मुले आणि तरुणी बेपत्ता होत होत्या. रोजगारासाठी बंगाल, बिहार आणि इतर भागांतून आलेली गरीब कुटुंबे पोलीस चौकीच्या खेपा घालत होती. अवशेष सापडल्याचे कळताच हे पालक नाल्याच्या काठावर जमले. आपले मूल त्यात आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नव्हते. हाडे एकमेकांत मिसळली होती. मांस, त्वचा, चेहरा यांपैकी काहीच उरले नव्हते. अशा वेळी न्यायवैद्यक तज्ज्ञ ज्या क्रमाने काम करतात, त्यातील पहिल्या पायऱ्यांपैकी एक म्हणजे अवशेष स्त्रीचे की पुरुषाचे हे ठरविणे. या लिंगनिश्चितीचा गर्भलिंगनिदानाशी काहीही संबंध नाही. येथे प्रश्न मृत व्यक्तीच्या ओळखीचा असतो. या कामी कवटीचा आणि अलीकडे कवटीच्या सीटी स्कॅनचा मोठा उपयोग होतो. मात्र या पद्धतीची ताकद जेवढी महत्त्वाची, तेवढीच तिची मर्यादाही महत्त्वाची आहे. निठारीसारख्या प्रकरणात ती मर्यादा विशेष जाणवते, कारण तेथील बळींमध्ये बहुसंख्य मुले होती.

लिंगाचा प्रश्न आधी का?

अनोळखी सांगाडा सापडला की तज्ज्ञ त्याची एक प्राथमिक ओळख तयार करतात. हाडे माणसाची आहेत की जनावराची, किती व्यक्तींची आहेत, लिंग कोणते, मृत्यूसमयीचे वय किती, उंची किती, असे प्रश्न क्रमाने सोडविले जातात. ही माहिती बेपत्ता व्यक्तींच्या यादीशी ताडून पाहिली जाते.

लिंग ठरले की ही यादी साधारणपणे निम्मी होते. उंची आणि वय काढण्याची अनेक सूत्रे स्त्री आणि पुरुषांसाठी वेगवेगळी आहेत. त्यामुळे लिंग चुकले तर पुढची गणितेही चुकतात. याहून गंभीर बाब म्हणजे, एखाद्या मुलीचे अवशेष मुलाचे म्हणून नोंदले गेले, तर तिच्या आईवडिलांची नावे चौकशीच्या यादीतूनच गळतात. त्यांच्या रक्ताचा नमुना मागितला जात नाही आणि अवशेष बेवारस म्हणून पडून राहतात. पहिल्या पायरीवरची चूक अशा रीतीने एका कुटुंबाची कायमची प्रतीक्षा ठरू शकते.

कवटीवरील खुणा

लिंगनिश्चितीसाठी सर्वांत विश्वासार्ह भाग कवटी नसून कमरेच्या हाडांचा कटिभाग आहे. प्रसूतीच्या दृष्टीने स्त्रीच्या कटिभागाची रचनाच वेगळी असते. मात्र हा भाग प्रत्येक वेळी हाती लागतोच असे नाही. प्राणी तो कुरतडतात, पाण्यात किंवा आगीत तो लवकर झिजतो. कवटीची जाड हाडे तुलनेने अधिक काळ टिकतात आणि सामान्य माणसाच्याही ती लगेच लक्षात येतात.

प्रौढ कवटीत तज्ज्ञ प्रामुख्याने पाच ठिकाणे पाहतात. पहिले, दोन भुवयांच्या मधला उंचवटा. पुरुषांत तो सामान्यतः ठळक असतो, स्त्रियांत कपाळ तेथे सपाट असते. दुसरे, डोळ्यांच्या खोबणीची वरची कड. स्त्रियांत ती धारदार, तर पुरुषांत जाड आणि बोथट असते. तिसरे, कानामागे खाली उतरणारा हाडाचा उंचवटा. मानेचा एक मोठा स्नायू तेथे जोडलेला असतो, म्हणून पुरुषांत तो मोठा असतो. चौथे, डोक्याच्या मागील बाजूस मानेचे स्नायू जेथे जोडले जातात ती आडवी कड. पाचवे, हनुवटीचा पुढे आलेला भाग. याशिवाय कवटीचा एकूण आकार, वजन, गालाच्या हाडांची रुंदी आणि जबड्याचा कोन यांचाही विचार होतो.

या फरकांचे मूळ वयात येण्याच्या काळात आहे. त्या वर्षांत मुलांमध्ये वाढ अधिक काळ चालते, स्नायू अधिक बळकट होतात आणि हाडांवर त्यांच्या जोडणीच्या खुणा उमटतात. म्हणजेच कवटीवर दिसणारे स्त्री-पुरुष भेद जन्मजात ठसे नसून वाढीचे परिणाम आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवली की या पद्धतीच्या बहुतेक मर्यादा आपोआप समजतात.

एक मुंबईकर डॉक्टर आणि दोन कवट्या

कवटीच्या आधारे ओळख पटविण्याच्या इतिहासातील एका गाजलेल्या खटल्याचा संबंध मुंबईशी आहे. मुंबईत १८९९ मध्ये जन्मलेला पारशी डॉक्टर बक रक्स्टन इंग्लंडमधील लँकेस्टर येथे व्यवसाय करीत होता. सप्टेंबर १९३५ मध्ये स्कॉटलंडमधील मॉफट गावाजवळच्या एका ओढ्यात मानवी शरीरांचे अनेक तुकडे सापडले. ओळख पटू नये म्हणून चेहऱ्यांची जाणीवपूर्वक विद्रूपता करण्यात आली होती. प्रारंभी त्यातील एक मृतदेह पुरुषाचा असावा असा समज झाला होता. प्रत्यक्षात दोन्ही स्त्रिया होत्या. एक रक्स्टनची पत्नी आणि दुसरी त्याच्या घरी मुलांना सांभाळणारी तरुणी.

ग्लासगोचे जॉन ग्लेस्टर आणि एडिंबरोचे जेम्स ब्रॅश या प्राध्यापकांनी तुकडे जुळवून दोन शरीरे वेगळी केली. त्यानंतर कवटीचे छायाचित्र आणि पत्नीचे हयातीतील छायाचित्र एकाच प्रमाणात आणून एकमेकांवर ठेवण्यात आले. चेहऱ्याची ठेवण आणि कवटीची रेषा जुळली. रक्स्टनला दोषी ठरवून मे १९३६ मध्ये फाशी देण्यात आली. पहिला अंदाज लिंगाबाबतच चुकू शकतो आणि तो सुधारण्यासाठी संयमाने, एकाहून अधिक मार्गांनी तपासणी करावी लागते, हे या खटल्याने दाखवून दिले.

नजरेकडून मोजमापांकडे

दीर्घकाळ ही तपासणी तज्ज्ञाच्या नजरेवर अवलंबून होती. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विल्टन क्रोगमन यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात दिलेली आकडेवारी पुढे अनेक पाठ्यपुस्तकांत उतरली. पूर्ण सांगाडा असेल तर १०० टक्के, केवळ कटिभाग असेल तर ९५ टक्के आणि केवळ कवटी असेल तर सुमारे ९२ टक्के अचूकता मिळते, असे त्यात म्हटले होते. मात्र ज्या संग्रहावर हे आकडे आधारले होते त्यात पुरुषांचे सांगाडे बरेच अधिक होते. अशा संग्रहात काहीशी शंकास्पद कवटी पुरुषाची ठरविली तरी ते बहुधा बरोबर निघते.

केनेथ वाइस यांनी १९७२ मध्ये नेमक्या याच दोषावर बोट ठेवले. सांगाड्यांच्या नोंदी तपासताना तज्ज्ञांचे माप पुरुषांच्या बाजूने झुकते, असे त्यांना आढळले. मोठे हाड दिसले की मन आपोआप पुरुषाकडे वळते. उंच, धिप्पाड स्त्री किंवा नाजूक बांध्याचा पुरुष अशा वेळी चुकीच्या रकान्यात जातो. वयाचाही परिणाम होतो. तरुण पुरुषांच्या कवटीत ठळकपणा कमी असू शकतो, तर उतारवयातील काही स्त्रियांच्या कवटीत तो वाढलेला दिसतो.

हा कल कमी करण्यासाठी मोजमापे आणि गुणांकन यांचा आधार घेण्यात आला. यूजीन जाइल्स आणि ओरव्हिल इलियट यांनी १९६३ मध्ये कवटीची अनेक मापे एका सूत्रात बसवून लिंग ठरविण्याची संख्याशास्त्रीय रीत मांडली. फिलिप वॉकर यांनी २००८ मध्ये वर उल्लेखिलेल्या पाच खुणांना प्रत्येकी एक ते पाच गुण देऊन त्यांचे गणिती विश्लेषण केले. अलीकडच्या काळातील इंग्लंड व अमेरिकेतील कवट्यांमध्ये या रीतीने ८८ टक्के वर्गीकरण बरोबर ठरले. प्राचीन मूळ अमेरिकन लोकांच्या कवट्यांत मात्र हे प्रमाण ७८ टक्क्यांवर आले. एका लोकसमूहावर तयार केलेले सूत्र दुसऱ्या समूहावर जसेच्या तसे लावता येत नाही, हा त्यातील महत्त्वाचा धडा होता.

सीटी स्कॅनने काय बदलले?

गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात जिवंत रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी स्कॅन झाले. या शोधासाठी त्यांना आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्रात क्ष-किरण शरीराभोवती फिरतात आणि आतल्या भागाच्या पातळ चकत्यांची चित्रे संगणक तयार करतो. आजची यंत्रे एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीच्या चकत्या टिपतात. या चकत्या एकत्र केल्या की पडद्यावर संपूर्ण कवटी त्रिमितीत उभी राहते.

प्रत्येक बिंदूला त्याच्या घनतेनुसार एक आकडा मिळतो. पाणी शून्य, हवा उणे एक हजार आणि हाड अनेक शतकांच्या घरात, अशी ही मोजपट्टी आहे. त्यामुळे कवटीला चिकटलेले मांस किंवा सुटी माती संगणकावर बाजूला सारून हाड वेगळे पाहता येते. जळालेल्या, तडकलेल्या किंवा ठिसूळ कवटीला हात न लावता तिची लांबी, रुंदी, भुवईवरील उंचवट्याचा उठाव, कानामागील हाडाचे आकारमान आणि कवटीच्या तळाशी पाठीचा कणा जेथे सुरू होतो त्या छिद्राचा व्यास मोजता येतो. घनफळ आणि वक्रता यांसारखी मापे साध्या कंपासने अचूक घेणे अवघड असते. स्कॅनवर ती घेता येतात.

स्कॅनचा आणखी एक लाभ न्यायालयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. स्कॅनची मूळ नोंद जपून ठेवता येते. पहिल्या तज्ज्ञाने काय पाहिले हे दुसरा तज्ज्ञ अनेक वर्षांनी स्वतंत्रपणे तपासू शकतो. दरम्यान हाड झिजले, तुटले किंवा अंत्यसंस्कारासाठी कुटुंबाकडे सोपविले गेले तरी मोजमापांचा आधार नाहीसा होत नाही.

कपाळाच्या हाडातील हवेच्या पोकळ्याही स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतात. त्यांचा आकार व्यक्तीगणिक इतका वेगळा असतो की, मृत व्यक्तीचे हयातीतील एक्स-रे किंवा स्कॅन उपलब्ध असेल तर या पोकळ्या जुळवून थेट ओळख पटविता येते. हे तत्त्व वापरून ओळख पटविल्याची नोंद १९२७ इतकी जुनी आहे. लिंगनिश्चिती संभाव्य व्यक्तींची यादी लहान करते. पोकळ्यांची जुळणी त्या यादीतील एका नावापर्यंत नेऊ शकते.

भारतासाठी स्कॅनचे महत्त्व वेगळ्या कारणानेही आहे. ज्यांचे लिंग आणि वय नोंदलेले आहे अशा सांगाड्यांचे मोठे संग्रह पाश्चात्त्य देशांत आहेत. भारतात बहुसंख्य मृतांचे दहन होते, त्यामुळे असे संग्रह मर्यादित राहिले. रुग्णालयांत अपघात, डोकेदुखी किंवा अन्य आजारासाठी काढलेले सीटी स्कॅन ही उणीव भरून काढू शकतात. जिवंत रुग्णाचे वय आणि लिंग ठाऊक असते. नाव वगळून असे स्कॅन अभ्यासले, तर भारतीय लोकसंख्येला लागू पडणारी मापे मिळतात. देशातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी असे अभ्यास केले आहेत. मात्र पंजाब, बंगाल, केरळ आणि महाराष्ट्रातील मापे एकच मानून चालणार नाही.

शवविच्छेदनात स्कॅनचा वापर स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी या शतकाच्या प्रारंभी रुजविला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, २०२१ मध्ये आभासी शवविच्छेदनाचे केंद्र सुरू झाले. मृतदेहाची चिरफाड टाळावी अशी अनेक कुटुंबांची भावना असते. त्या दृष्टीनेही हे तंत्र स्वागतार्ह ठरले आहे.

संगणकाचे वाचन

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेनेही या क्षेत्रात प्रवेश केला आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयातील स्कॅनवरून उभ्या केलेल्या ९०० कवट्यांच्या प्रतिमा संगणकाला दाखविण्यात आल्या. त्यानंतर न पाहिलेल्या प्रतिमांवर त्याची परीक्षा घेतली असता ९५ टक्के उत्तरे बरोबर आली.

हा आकडा उत्साहवर्धक असला तरी त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. ९५ टक्के म्हणजे प्रत्येक वीस कवट्यांमागे सरासरी एक चूक. ती एक कवटी कोणती, हे संगणक सांगत नाही. शिवाय ही अचूकता ज्या प्रकारच्या कवट्यांवर संगणक शिकला त्यांच्यापुरती खरी असते. रुग्णालयातील अखंड, स्वच्छ कवटी आणि नाल्यातून निघालेली फुटकी कवटी यांत मोठे अंतर आहे. याखेरीज संगणकाने अमुक निष्कर्ष का काढला हे न्यायालयात समजावून सांगता आले पाहिजे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात संगणकाची उलटतपासणी होत नाही, ती तज्ज्ञाची होते.

म्हणूनच चांगला अहवाल केवळ स्त्री किंवा पुरुष एवढेच लिहून थांबत नाही. निष्कर्ष किती संभाव्य आहे, कोणती सूत्रे वापरली, ती कोणत्या लोकसमूहावर तपासलेली आहेत आणि कवटीचा कोणता भाग उपलब्ध नव्हता, हेही त्यात नोंदविले जाते. निश्चित सांगता येत नाही, हाही एक शास्त्रीय निष्कर्षच असतो. हाडे जैविक लिंगाविषयी बोलतात. ती व्यक्ती समाजात कोणत्या ओळखीने जगली हे त्यांच्यावरून कळत नाही, हेही तपास अधिकाऱ्याने ध्यानात ठेवावे लागते.

मुलांची कवटी

येथे पुन्हा निठारीकडे यावे लागते. कवटीवरील स्त्री-पुरुष भेद वयात आल्यानंतर उमटतात. त्यामुळे सात-आठ वर्षांच्या मुलाची आणि मुलीची कवटी शेजारी ठेवली तर अनुभवी तज्ज्ञालाही खात्रीने फरक सांगता येत नाही. दोन्ही कपाळे सपाट असतात, दोन्ही हनुवट्या लहान असतात आणि कानामागचे उंचवटे अविकसित असतात. यावर प्रौढांचे सूत्र लावले तर बहुतेक मुले मुलीच ठरतील. उत्तम स्कॅन काढला तरी जी खूण हाडावर उमटलेलीच नाही ती तो दाखवू शकत नाही. बारा ते अठरा हा वयोगटही संदिग्धच असतो, कारण मुली लवकर वयात येतात आणि मुले उशिरा.

वयाच्या बाबतीत स्थिती नेमकी उलट असते. मुलांचे वय हाडांवरून आणि विशेषतः दातांवरून बऱ्याच अचूकपणे काढता येते. दुधाचे दात पडणे, कायमचे दात येणे आणि त्यांची मुळे पूर्ण होणे यांचा क्रम ठरलेला असतो. जबड्याच्या आत दडलेले दातही स्कॅनमध्ये दिसतात. प्रौढांत लिंग सांगणे सोपे आणि वय सांगणे अवघड, तर मुलांत वय सांगणे सोपे आणि लिंग सांगणे अवघड, असा हा प्रकार आहे.

ज्या प्रकरणात बळी लहान मुले असतात तेथे कवटीवरून लिंग ठरविण्याची घाई धोकादायक ठरते. वय हा पहिला आधार आणि डीएनए हा निर्णायक आधार, असा क्रम तेथे योग्य ठरतो.

डीएनए आणि दातांची साक्ष

निठारीतील अवशेषांची जुळवाजुळव आणि वैद्यकीय तपासणी एम्सच्या डॉक्टरांनी केली. डीएनए चाचण्या हैदराबाद येथील डीएनए अंगुलिमुद्रण व निदान केंद्रात, म्हणजे सीडीएफडीमध्ये, झाल्या. पालक आणि भावंडांच्या रक्ताशी अवशेषांतील डीएनए ताडून काही बळींची ओळख निश्चित करण्यात आली.

डीएनएवरून लिंग ठरविताना बहुधा अमेलोजेनिन या जनुकाची मदत घेतली जाते. हे जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवर असते, मात्र दोन्हीकडे त्याची लांबी किंचित वेगळी असते. एकाच लांबीचा तुकडा मिळाला तर स्त्री, दोन लांबींचे तुकडे मिळाले तर पुरुष, असे त्याचे साधे तत्त्व आहे. वय कितीही असो, ही चाचणी लागू पडते. तीही सर्वस्वी निर्दोष नाही. काही भारतीय पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर या जनुकाचा भाग नसतो आणि चाचणी त्यांना स्त्री दाखविते. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये याकडे लक्ष वेधले. त्यामुळे वाय गुणसूत्रावरील इतर खुणाही तपासणे आवश्यक मानले जाते.

उष्णता, ओलावा आणि जिवाणू यांमुळे हाडांतील डीएनए नष्ट होत जातो. तो टिकून राहण्याची शक्यता दातांच्या आत आणि कानाच्या आतल्या भागाला वेढणाऱ्या अत्यंत घन हाडात अधिक असते. हे हाड कवटीचाच भाग आहे. म्हणजे मुलाची कवटी आकाराने लिंग सांगू शकली नाही, तरी तिच्या आत त्याचे उत्तर जपलेले असू शकते. डीएनए पूर्ण नष्ट झाला असेल तर दाताच्या बाहेरील कठीण कवचातील प्रथिनांवरून लिंग ओळखण्याची रीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. हे कवच बालपणीच तयार होत असल्याने ती मुलांनाही लागू पडते.

डीएनएचे हेच महत्त्व महाराष्ट्राने २०२२ मध्ये जवळून पाहिले. वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीत झालेल्या खुनाच्या तपासात मेहरौलीच्या जंगलातून हाडे गोळा करण्यात आली. वडिलांच्या डीएनए नमुन्याशी ती जुळल्यानंतरच ती तिची असल्याचे सांगता आले. हाडावरून व्यक्तीचे नाव निश्चित करायचे तर तुलनेसाठी कुटुंबाचा नमुना हवा. तो वेळेत मिळायचा असेल तर बेपत्ता व्यक्तीची तक्रार आधी नोंदलेली हवी.

ओळख पटली, गुन्हेगार कोण?

निठारी प्रकरणाचा तपास जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. बंगल्याचा मालक आणि त्याचा नोकर यांच्यावर अनेक खटले चालले. २००९ पासून नोकराला एकामागून एक खटल्यांत फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. मात्र अलाहाबाद उच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०२३ रोजी नोकराची १२ खटल्यांतून आणि मालकाची दोन खटल्यांतून निर्दोष मुक्तता केली. तपासातील गंभीर त्रुटींवर न्यायालयाने कठोर शब्दांत टीका केली. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२५ रोजी या निकालाविरुद्धची अपिले फेटाळली. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी नोकराची उपचारात्मक याचिका मान्य होऊन उरलेल्या एका खटल्यातही त्याची शिक्षा रद्द झाली.

या निकालांतून न्यायवैद्यक शास्त्राच्या कार्यकक्षेची सीमा स्पष्ट होते. कवटी, स्कॅन आणि डीएनए मिळून मृत व्यक्ती कोण हे सांगू शकतात. तिला कोणी मारले हे ते आपोआप सांगत नाहीत. अवशेष कोठून, कोणाच्या सांगण्यावरून, कोणासमोर निघाले, त्यांचा पंचनामा कसा झाला, ते कोणत्या ताब्यात राहिले, यांची साखळी तपास यंत्रणेने जोडायची असते. ती तुटली तर प्रयोगशाळेतील अचूक अहवालही गुन्हा सिद्ध करण्यास अपुरा पडतो. निठारीतील मुलांच्या मृत्यूला जबाबदार कोण, हे १९ वर्षांनंतरही कायद्याच्या कसोटीवर सिद्ध झालेले नाही.

कायदा आणि यंत्रणा

तज्ज्ञाचे मत भारतीय साक्षीपुरावा कायद्याच्या कलम ४५ नुसार ग्राह्य धरले जात असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ ने घेतली आहे. तज्ज्ञाचे मत न्यायालयावर बंधनकारक नसते. ते कोणत्या कारणांवर उभे आहे हे न्यायालय तपासते. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद करण्यात आली. ती पूर्णपणे अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. महाराष्ट्रात मुंबईतील कालिना येथे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे मुख्यालय असून नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक आदी शहरांत तिच्या प्रादेशिक शाखा आहेत.

बेपत्ता मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी महत्त्वाचा आदेश दिला. मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवून तपास सुरू करावा, असे त्यात म्हटले आहे. प्रयोगशाळेचा या आदेशाशी थेट संबंध आहे. नोंदीत मुलाचे वय, दातांची स्थिती, जुन्या दुखापती, पूर्वी काढलेले एक्स-रे आणि पालकांचा पत्ता असेल, तर सापडलेल्या हाडांशी ताडून पाहण्यास काही आधार राहतो. नोंदच नसेल तर उत्तम स्कॅनही कोणाच्या नावापर्यंत पोहोचू शकत नाही.

निठारीच्या नाल्याकाठी जमलेल्या पालकांपैकी कित्येकांनी त्याआधीच पोलिसांकडे धाव घेतली होती. केंद्र सरकारने जानेवारी २००७ मध्ये नेमलेल्या समितीनेही पोलिसांच्या हलगर्जीपणाकडे बोट दाखविले होते. आज कवटीचे स्कॅन काही मिनिटांत निघते आणि डीएनएची चाचणी कुजलेल्या हाडावरही शक्य होते. परंतु ओळखीचे काम प्रयोगशाळेत सुरू होत नाही. ते पोलीस ठाण्यात, हरवलेल्या मुलाचे नाव नोंदवहीत लिहिले जाते तेव्हा सुरू होते.